मामीची पिशवी आणि तालुक्याच्या दवाखान्यातला कॉम्प्युटर

आमच्या मामीला शुगर आहे, बीपी आहे, आणि एका अँटिबायोटिकची ॲलर्जी आहे. ही तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि ती फक्त एका जुन्या केस पेपरच्या कोपऱ्यात पेनाने लिहिलेली आहे. तो पेपर एका साडीच्या दुकानाच्या पिशवीत असतो, पिशवी कपाटावर असते. मागच्या पावसाळ्यात रात्री दीडला मामीला ताप चढला, श्वास लागला, १०८ ची गाडी आली आणि घाईत पिशवी घरीच राहिली. तालुक्याला डॉक्टरांनी विचारलं कुठल्या गोळ्या चालू आहेत, तर मामी म्हणाली एक पांढरी छोटी आणि एक गुलाबी. ॲलर्जीचं औषध कुठलं ते कुणालाच आठवेना. मामा मोटरसायकलवर परत जाऊन पिशवी घेऊन आले तोपर्यंत दोन तास गेले. मामी बरी झाली पण ते दोन तास माझ्या डोक्यातून जात नाहीत, कारण ती माहिती त्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका सरकारी दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये लिहिलेली होती. फक्त ते रजिस्टर वीस किलोमीटर लांब आणि कुलूपबंद कपाटात होतं.

गावाकडची सरकारी आरोग्यव्यवस्था पायऱ्यापायऱ्यांची आहे. खाली उपकेंद्र, मग पीएचसी म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, मग साधारण ३० बेडचं ग्रामीण रुग्णालय, त्यावर उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालय. पेशंट वर चढत जातो पण त्याची माहिती बऱ्याचदा एका चिठ्ठीवर जाते, आणि प्रत्येक पायरीवर नवा केस पेपर निघतो, म्हणजे तुम्ही परत पहिल्यापासून नवे पेशंट. हीच गोष्ट बदलायला देशात २७ सप्टेंबर २०२१ ला आयुष्मान भारत डिजिटल मिशन सुरू झालं, आणि त्यातला १४ आकडी आभा नंबर, म्हणजे आपल्या आरोग्याच्या नोंदींसाठीचा ओळख नंबर, आता बऱ्याच जणांकडे आहे.

बऱ्याच लोकांना वाटतं की आभा काढला म्हणजे आपले सगळे रिपोर्ट दिल्लीच्या एका मोठ्या कॉम्प्युटरमध्ये जाऊन बसले. तसं नाहीये. तुमचा एक्स-रे जिथे काढला त्या हॉस्पिटलच्याच सिस्टीममध्ये राहतो. मधली यंत्रणा फक्त एवढंच लक्षात ठेवते की या आभाच्या माणसाची नोंद अमुक अमुक ठिकाणी आहे, पत्त्यांची वही असते ना तसं. नवीन डॉक्टरला जुने कागद बघायचे असतील तर तो मागणी टाकतो, तुमच्या मोबाईलवर विचारणा येते, तुम्ही हो म्हणालात की किती दिवसांपुरतं आणि काय काय दाखवायचं ते ठरतं, आणि मग जुन्या हॉस्पिटलकडून नव्या हॉस्पिटलकडे ती फाईल कुलूप लावून जाते. कुलूप म्हणजे एन्क्रिप्शन. दोन्ही हॉस्पिटलं एकमेकांना किल्लीचा उघडा अर्धा भाग पाठवतात, स्वतःचा गुप्त अर्धा भाग कुणालाच देत नाहीत, तरी दोघांकडे गणिताने एकच किल्ली तयार होते. मधून फाईल नेणाऱ्या यंत्रणेला ती किल्ली मिळत नाही, म्हणजे पोस्टमन पाकीट पोचवतो पण पत्र वाचू शकत नाही. मला हे गणित फार सुंदर वाटतं.

आता फाईल पोचली पण ती कळायला नको का? एका डॉक्टरने डीएम लिहिलं, दुसऱ्याने मधुमेह, सिस्टरने शुगर. माणसाला तिन्ही एकच, कॉम्प्युटरला तीन वेगळे शब्द. म्हणून जगभर स्नोमेड सीटी नावाचा एक कोश वापरतात, त्यात मधुमेहाचा एकच नंबर आहे, ७३२११००९, आणि तुम्ही कुठल्याही भाषेत काहीही म्हणा, आत साठताना तो नंबर साठतो. बीपीच्या आजाराचा ३८३४१००३. ते नंबर, औषधं, लॅबचे आकडे कुठल्या साच्यात ठेवून पाठवायचे त्याला फायर (FHIR) नावाचं स्टँडर्ड आहे. भारतात हे सगळं बसवण्याचं राष्ट्रीय केंद्र आपल्या पुण्यातच आहे, सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेत, हे कितीतरी पुणेकरांनाही माहीत नसतं.

म्हणजे तंत्रज्ञान आहे आणि चांगलं आहे. मग मामीची पिशवी का सुटत नाही? तर प्रश्न पैशाचा आहे, आणि पैसा किती यापेक्षा तो कशावर जातो याचा जास्त.

फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने या मिशनला पाच वर्षांसाठी १,६०० कोटी मंजूर केले. ऐकायला मोठा आकडा, पण वर्षाला ३२० कोटी आणि लोकसंख्या १४० कोटींच्या आसपास धरा, माणशी वर्षाला सव्वादोन रुपयांच्या थोडं वर येतं. त्यातून देशाचा सांगाडा उभा राहतो, डॉक्टरांची आणि हॉस्पिटलांची यादी, संमतीची यंत्रणा वगैरे. पण आरोग्य हा राज्याचा विषय आहे, त्यामुळे तालुक्याच्या दवाखान्यातलं रोजचं गाडं चालतं ते राज्याच्या बजेटवर आणि राष्ट्रीय आरोग्य अभियानावर, ज्यात महाराष्ट्रासाठी केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के असा हिशोब असतो. तिथेच ठरतं की कॉम्प्युटरसमोर माणूस बसणार की नाही.

अमेरिकेचं उदाहरण मला इथे महत्त्वाचं वाटतं. २००९ च्या हायटेक कायद्याने तिथल्या सरकारने हॉस्पिटलांना डिजिटल रेकॉर्ड घेण्यासाठी अब्जावधी डॉलर दिले. २००८ मध्ये जेमतेम ९ टक्के हॉस्पिटलांकडे बेसिक इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड होतं, २०१५ पर्यंत ते ८४ टक्क्यांवर गेलं. जबरदस्तच म्हणायचं, पण या हॉस्पिटलची फाईल त्या हॉस्पिटलला दिसतच नव्हती, वेगवेगळ्या कंपन्यांची सॉफ्टवेअरं एकमेकांशी बोलत नव्हती, शेवटी २०१६ मध्ये माहिती अडवून धरण्याविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. इंग्लंडने २००२ मध्ये सगळं वरून ठरवून एक अवाढव्य प्रोग्रॅम काढला आणि २०११ मध्ये तो मोडीत काढला. पैसे मशीनसाठी दिले तर मशीन येतात, रेकॉर्ड एकमेकांना दिसण्यासाठी वेगळे द्यावे लागतात.

आपल्याकडे हे थोडं उमगलेलं दिसतं. जानेवारी २०२३ पासूनच्या प्रोत्साहन योजनेत १० किंवा जास्त बेडच्या हॉस्पिटलला महिन्याला १०० नोंदींच्या वर जी नोंद पेशंटच्या आभाला जोडली जाईल, तिच्यामागे २० रुपये द्यायचं ठरलं. म्हणजे कॉम्प्युटर घेतला म्हणून नाही, नोंद जोडली म्हणून. ही दिशा बरोबर आहे असं माझं ठाम मत आहे.

पण समजा सकाळची ओपीडी चार तासांची, बाहेर दीडशे पेशंट आणि आत एकच डॉक्टर. म्हणजे २४० मिनिटं भागिले दीडशे, एका माणसाला साधारण दीड मिनिट. त्यात तपासायचं, औषध लिहायचं आणि टाइपही करायचं, हे होऊच शकत नाही. डेटा एन्ट्रीची माणसं बऱ्याचदा कंत्राटी असतात, कंत्राट संपलं की खुर्ची रिकामी. सिस्टरचं तर विचारूच नका, गरोदर बायांचं आरसीएच पोर्टल वेगळं, टीबीचं निक्षय वेगळं, बीपी-शुगरचं वेगळं, लसीकरणाचं यू-विन वेगळं, आणि या सगळ्याच्या आधी हाताने रजिस्टर भरायचंच. एकच माणूस चार ठिकाणी टाइप केला जातो. एकदा लिहिलं की सगळीकडे पोचावं यासाठीच तर हे सगळं आहे, आणि ते जुळवण्याचं काम सॉफ्टवेअरचं आहे, सिस्टरच्या बोटांचं नाही.

लाइट आणि रेंज पण धरा. मेळघाटात किंवा धडगाव-अक्कलकुव्याकडे नेट गेलं की सॉफ्टवेअर बंद पडत असेल तर ते तिथल्यासाठी बनवलेलंच नाही. नोंद आधी तिथल्याच मशीनमध्ये साठली पाहिजे आणि रेंज आली की आपोआप वर गेली पाहिजे. आणि चालवण्याचा खर्च दरवर्षी लागतो हे विसरलं की काय होतं ते महाराष्ट्राने पाहिलंय, २०२२ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेजांमधली कॉम्प्युटर सिस्टीम बंद पडली आणि मोठमोठी हॉस्पिटलं परत कागदावर आली.

या सगळ्याचा सगळ्यात जास्त उपयोग कुणाला होईल तर ज्यांच्याकडे कागद टिकत नाहीत त्यांना. बीडची ऊसतोड बाई वर्षातले पाच-सहा महिने कोल्हापूर-सांगलीकडे किंवा कर्नाटकात फडावर असते. गरोदरपणाची पहिली तपासणी गावी झालेली, सातवा महिना फडावर, तिथल्या डॉक्टरला तिचं हिमोग्लोबिन आधी किती होतं हे कसं कळणार? किंवा गडचिरोली-नंदुरबारकडचा सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घ्या. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ७ कोटी लोकांची तपासणी ठरली होती. सिकलसेल आहे की नाही, पेशंट की वाहक, हे उत्तर आयुष्यात बदलत नाही, एकदा पक्की टेस्ट झाली की जन्मभर पुरते. पण रिपोर्टचा कागद पावसात भिजला की टेस्ट परत, आणि पोरगं दुखण्याने कळवळत असताना डॉक्टरला अंदाजाने सुरुवात करावी लागते.

आपली माहिती फुटेल ही भीतीही खरी आहे, विशेषतः टीबी, एचआयव्ही किंवा मानसिक आजाराची. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे, पण ओपीडीच्या रांगेत कुणी घाईघाईत मोबाईल घेऊन ओटीपी मागतो आणि आपण देऊन टाकतो, ही काही संमती नव्हे. ते समजावून सांगायला वेळ लागतो आणि त्या वेळेचाही पगार कुणाला तरी द्यावा लागतो.

ग्रामीण रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते, तिच्याकडे थोडा मोकळा निधी येतो. आमच्या तालुक्याच्या समितीत गावातले दोघं ओळखीचे आहेत, त्यांच्याकडे मी तीन गोष्टी लिहून दिल्यात, ओपीडीच्या वेळेत कॉम्प्युटरवर कोण बसतं, लाइट गेल्यावर तो किती वेळ चालतो, आणि गेल्या महिन्यात जिल्ह्याला पाठवलेल्या पेशंटपैकी किती जणांची फाईल त्यांच्या आधी पोचली. आणि मामीच्या पिशवीतल्या त्या एका कागदाचा फोटो आता आम्हा सगळ्यांच्या मोबाईलमध्ये आहे.