'एस'पासून सुरू होणारे इंग्रजीतील विलक्षण शब्द

इंग्रजी शब्दकोशात सर्वाधिक पाने 'एस' या अक्षराने व्यापली आहेत. या अक्षराला क, ट, प, म, न, ल अशी कितीतरी व्यंजने जोडता येतात, शिवाय 'श'चा उच्चारही बहुधा याच्याच आधाराने लिहितात. त्यामुळे ही गर्दी. तिच्यात हिब्रू, ग्रीक, लॅटिन, फ्रेंच अशा निरनिराळ्या वाटांनी आलेले काही शब्द असे आहेत, की त्यांचा आजचा अर्थ पाहून मूळ ओळखताच येत नाही.

त्यांतला सर्वांत भीषण इतिहास 'शिबोलेथ'चा. हिब्रूत याचा अर्थ धान्याचे कणीस. काही जण पाण्याचा प्रवाह असाही लावतात. बायबलमधील 'शास्ते' या पुस्तकाच्या १२व्या अध्यायात त्याची कथा आहे. गिलादच्या लोकांनी एफ्राइमी या इस्राएली टोळीचा पराभव केला आणि यार्देन (जॉर्डन) नदीचे उतार अडवून धरले. पळून आलेला कोणी पलीकडे जाऊ द्या म्हणाला, की त्याला विचारत, 'तू एफ्राइमी का?' तो नाही म्हणाला, की त्याला 'शिबोलेथ' म्हणायला लावत. एफ्राइमींच्या बोलीत तो 'श' नव्हता. तोंडून 'सिबोलेथ' निघे आणि माणूस तिथेच मारला जाई. असे ४२,००० मारले गेले, असे तो ग्रंथ सांगतो. 'श' आणि 'स' यांतला फरक मराठी कानाला सहज कळतो, पण लहानपणापासून जो ध्वनी जिभेवर बसलाच नाही, तो मरण समोर दिसत असतानाही येत नाही. आज शिबोलेथ म्हणजे आपला कोण आणि परका कोण हे उघड करणारी बोलण्याची किंवा वागण्याची खूण. अर्थ झिजून गेला तरी एखादा गट घोकत राहतो, त्या घोषवाक्यालाही हाच शब्द वापरतात.

'सेरेंडिपिटी' म्हणजे शोधत नसताना काही मोलाचे हाती लागणे. या शब्दाची जन्मतारीखही ठाऊक आहे : २८ जानेवारी १७५४. त्या दिवशी इंग्रज लेखक होरेस वॉलपोल याने आपला मित्र होरेस मान याला लिहिलेल्या पत्रात तो घडवला, आणि तो 'सेरेंडिपचे तीन राजपुत्र' या कथेवरून घेतल्याचेही सांगून टाकले. सेरेंडिप हे श्रीलंकेचे जुने अरबी-फारसी नाव. त्याच्या मुळाशी 'सिंहलद्वीप' आहे. म्हणजे या इंग्रजी शब्दाच्या पोटात आपलाच 'द्वीप' दडलेला आहे. कथेतल्या राजपुत्रांनी हरवलेला उंट पाहिलेलाही नसतो. तरी तो एका डोळ्याने आंधळा आहे, हे ते बिनचूक सांगतात, कारण वाटेवर एकाच बाजूचे गवत खाल्लेले असते आणि तेही दुसऱ्या बाजूपेक्षा निकृष्ट. वॉलपोलने आठवणीवर विसंबून उंटाचे खेचर केले, पण मर्म अचूक पकडले. योगायोग आणि चाणाक्षपणा या दोन्ही गोष्टी त्याने पत्रात एकत्र सांगितल्या आहेत. आजकाल हा शब्द नुसत्या नशिबासाठी वापरतात. त्यात अर्धा अर्थ वाया जातो. नजर तयार नसेल, तर खाल्लेले गवत हे फक्त गवतच राहते.

'सार्कॅझम' आणि 'सार्कोफॅगस' ही एकाच घरची भावंडे. ग्रीक भाषेत 'सार्क्स' म्हणजे मांस. मांसाचे लचके तोडणे या अर्थाच्या क्रियापदापासून सार्कॅझम, म्हणजे बोचरा उपरोध, आला. सार्कोफॅगस म्हणजे दगडी शवपेटी. शब्दशः अर्थ 'मांसभक्षक'. आसॉस या प्राचीन ग्रीक नगरातल्या एका दगडाच्या पेटीत ठेवलेले शरीर, दात सोडून, ४० दिवसांत नाहीसे होते, असे थोरला प्लिनी या रोमन लेखकाने नोंदवले आहे.

'सिल्हूट', म्हणजे छायाकृती, हे चक्क एका माणसाचे आडनाव आहे. एत्येन द सिल्हूट हा १७५९ मध्ये मार्च ते नोव्हेंबर फ्रान्सचा अर्थमंत्री होता. युद्धाने तिजोरी रिकामी झालेली, त्यात त्याने धनिकांवर करांचा बडगा उगारला आणि काटकसरीचा आग्रह धरला. स्वस्तातल्या वस्तूंना चिडून त्याचे नाव दिले जाऊ लागले, आणि रंगचित्राऐवजी काळा कागद कातरून केलेल्या स्वस्त प्रतिमेला ते कायमचे चिकटले. त्याच्या अल्पकाळ टिकलेल्या कारकिर्दीवरून हे नाव पडले, असेही एक मत आहे.

लोकप्रिय कथा मात्र तपासून घ्याव्यात. 'सबोटाज', म्हणजे घातपात, हा शब्द कामगारांनी यंत्रात 'साबो' हे लाकडी जोडे फेकल्यावरून आला, असे सर्रास सांगितले जाते. फ्रेंच क्रियापद पाहिले, तर त्याचा अर्थ त्या जोड्यांनी खडखड आवाज करत चालणे आणि त्यावरून काम बेंगरूळ करणे एवढाच आहे. 'सॅलरी'चे मूळ लॅटिनमधल्या मिठाच्या शब्दात आहे, हे खरे. पण रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठच मिळे, याला प्राचीन पुरावा नाही. 'सिकोफंट'चा शब्दशः अर्थ 'अंजीर दाखवणारा'. अथेन्समध्ये खोटेनाटे खटले भरणाऱ्या धंदेवाईक चुगलखोराला तसे म्हणत. अंजिरांच्या चोरट्या निर्यातीची कथा ग्रीक लेखक प्लुटार्कने दिली असली, तरी ती नंतर जुळवलेली दिसते. इंग्रजीतही हा शब्द आधी चुगलखोरासाठी होता, मग हुजऱ्यासाठी रूढ झाला.

'सॉलेसिझम', म्हणजे व्याकरणाची चूक, हा किलिकियातील (आजच्या तुर्कस्तानातील) सोलोई या ग्रीक वसाहतीच्या नावावरून आला. तिथली ग्रीक भाषा अशुद्ध समजली जाई.

'सिनिस्टर', म्हणजे अशुभ किंवा दुष्ट, याचा लॅटिनमधला अर्थ नुसता 'डावा'. शकुन पाहणारा रोमन पुरोहित दक्षिणेकडे तोंड करून उभा राही. पूर्व त्याच्या डाव्या हाताला येई, म्हणून डावी बाजू शुभ होती. ग्रीकांची रीत उलटी. ती रोमनांनी उचलली आणि डाव्याचे अशुभ झाले. कुलचिन्हांच्या शास्त्रात मात्र सिनिस्टर अजून जुन्याच साध्या अर्थाने वापरतात : ढाल धरणाऱ्याची डावी बाजू, जी पाहणाऱ्याच्या उजवीकडे असते.