कोईच्या तळ्याला कागद कोणता?

मे महिन्यात काळ्या रानातल्या भेगेत हात घातला तर तो मनगटाच्या वर सहज आत जातो. दोन-चार दमदार पाऊस झाले की तीच भेग मिटते, जमीन फुगते, आणि कुंपणाचे खांब जरासे कलतात. या मातीतल्या मॉन्टमोरिलोनाइट गटातल्या खनिजांची रचना पापुद्र्यांसारखी असते. पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की ते एकमेकांपासून दूर सरकतात, वाळले की पुन्हा जवळ येतात. परसात कोई या रंगीत, शोभेच्या माशांचं तळं करायचं असेल तर पहिला विचार या मातीचा करावा, असं माझं ठाम मत आहे. दुकानात मात्र आधी विचारतात, "किती मायक्रॉनचा कागद देऊ?" कागद म्हणजे तळ्याच्या अस्तराचं प्लास्टिक, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. अस्तर पाणी अडवतं हे खरंच, पण ते पडून राहतं हलणाऱ्या जमिनीवर, आणि तेही वर्षानुवर्षं.

कोईंच्या माहेरी, जपानच्या निगाता प्रांतातल्या यामाकोशीच्या डोंगरात, मासे वाढवण्याच्या तळ्यांना अस्तर नसतंच. तिथली चिकणमातीच पाणी धरून ठेवते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला मासे त्या मातीच्या तळ्यांत सोडतात आणि ऑक्टोबरच्या सुमारास बाहेर काढतात. मग आपल्या काळ्या मातीत तसंच पाणी का साठवू नये? कारण आपल्याकडे उन्हाळ्यात पाण्याची पातळी झपाट्यानं उतरते, उघडा पडलेला काठ वाळतो आणि भेगाळतो. शिवाय कोई पाहायचे ते वरून. ते तळ उकरत फिरणार, माती ढवळली जाणार, आणि गढूळ पाण्यात त्यांचे रंग दिसणारच नाहीत.

आपल्याकडची सवय सिमेंटच्या हौदाची. त्यात दोन अडचणी आहेत. जमीन हलली की गिलाव्याला तडा जातो, ही पहिली. दुसरी डोळ्यांना दिसत नाही. नव्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरतो आणि पाण्याचा पीएच वर चढतो. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया टाकत असतात. पाण्यात तो दोन रूपांत राहतो. त्यातलं अमोनियम हे रूप बरंचसं निरुपद्रवी, मुक्त अमोनिया मात्र विषारी. २५ अंश सेल्सिअसला पीएच ७ असेल तर मुक्त अमोनियाचा वाटा एक टक्काही नसतो. पीएच ८ ला तो सुमारे ५ टक्के होतो आणि ९ ला एक तृतीयांशाच्या वर जातो. म्हणजे मासे तेवढेच, खाणं तेवढंच, पण हौद नवा म्हणून पाणी घातक. नवा हौद पुन्हा पुन्हा भरून रिकामा केल्याशिवाय आणि पीएच मोजल्याशिवाय त्यात मासे सोडू नयेत.

आता कागदाकडे येऊ. शेततळ्यांमुळे महाराष्ट्रात ५०० मायक्रॉनचा एचडीपीईचा, म्हणजे जास्त घनतेच्या पॉलिथिलीनचा कागद गावोगाव पोचला आहे, आणि त्या कामाला तो चांगलाच आहे. शेततळ्याच्या उतरत्या, सपाट बाजूंवर तो ताठ बसतो आणि सांधे उष्णतेनं जोडता येतात. पण परसातलं तळं लहान, बाजू उभ्या, कोपरे वळणदार. एचडीपीईचा एक तुकडा घ्या, दुमडा, आणि घडीवर अंगठ्याचं नख दाबून फिरवा. घडी उलगडली तरी रेघ तिथेच राहते. एचडीपीई साधारण १२ टक्क्यांपर्यंत ताणलं की त्याचा आकार कायमचा बदलतो, आणि घडीवर सतत ताण राहिला तर कालांतरानं तिथेच बारीक चीर पडू शकते. ऊनही त्याला हलवतं. १० मीटरची पट्टी ३० अंशांनी तापली तर चारेक सेंटिमीटर लांबते आणि रात्री पुन्हा आखडते.

ईपीडीएम नावाच्या रबराचा तुकडा तसाच दुमडून सोडला तर तो पूर्ववत होतो. त्याचे लांब रेणू आडव्या बंधांनी एकमेकांना बांधलेले असतात. ताणले तर ते उलगडतात, सोडले की मूळ जागी परततात. असं रबर मूळ लांबीच्या तिप्पट-चौपट ताणलं जातं, त्यामुळे खालची माती फुगली-आखडली तरी ते तिच्यासोबत हलतं. उन्हातही ते टिकतं. सायकलचा जुना टायर भेगाळतो, कारण नैसर्गिक रबराच्या रेणूच्या कण्यातच दुहेरी बंध असतात आणि हवेतला ओझोन नेमका तिथे घाव घालतो. ईपीडीएममध्ये दुहेरी बंध बाजूच्या फांद्यांवर असतात, कणा शाबूत राहतो. किंमत जास्त पडते, तरी काळ्या जमिनीतल्या लहान तळ्याला मी तेच सुचवेन, १ मिलिमीटर जाडीचं. घेताना ते माशांसाठी सुरक्षित आहे हे विचारून घ्यावं. छतासाठी बनवलेलं प्रत्येक रबर तसं असतंच असं नाही.

तिसरा पर्याय पीव्हीसी या प्लास्टिकचा. ते मऊ असतं ते त्यात मिसळलेल्या तेलकट प्लास्टिसायझरमुळे. हा पदार्थ हळूहळू बाहेर पडतो आणि कागद कडक होत जातो.

माप काढणं सोपं आहे. लांबीत खोली दोनदा मिळवायची आणि दोन्ही काठांना ३०-३० सेंटिमीटर जास्त धरायचे, रुंदीचंही तसंच. ३ बाय २ मीटर आणि १.२ मीटर खोल तळ्याला ६ बाय ५ मीटरचं अस्तर लागेल. त्यात ७,२०० लिटर, म्हणजे सात टनांहून जास्त पाणी मावतं. एवढ्या वजनाखाली मुरमाचा एखादा टोकदार खडाही कागदातून वर येतो. म्हणून खड्डा हातानं चाचपून खडे वेचावेत, बारीक वाळूचा थर द्यावा आणि वर जिओटेक्स्टाइल म्हणजे जाड कृत्रिम कापड अंथरावं. गोणपाट नको. ते कुजतं, आणि कुजताना निघणारा वायू कागदाखाली फुगा धरतो. माशांकडून मात्र कागदाला भीती नाही. कोईच्या जबड्यात दात नसतात, ते असतात घशात.

पावसाळ्यात भुईतलं पाणी वर आलेलं असताना साफसफाईसाठी तळं पूर्ण रिकामं करू नये. आतलं वजन गेलं की बाहेरचं पाणी अस्तर खालून उचलतं.

भरताना अनवाणी आत उतरावं, पाणी चढत जाईल तसतशा सुरकुत्या ओढून एका कोपऱ्यात मोठी घडी करावी. कडेचा जादा कागद लगेच कापू नये. पाण्याच्या भारानं अस्तर आणखी काही दिवस खाली सरकत राहतं. आठवडाभर थांबावं, मग कात्री लावावी, आणि काठावर उघडी राहिलेली पट्टी दगडांखाली झाकून टाकावी, कारण उन्हाचा मारा सर्वांत जास्त तिच्यावरच होतो.