पॅरानॉर्मल रोमान्सची लांबलचक सिरीज वाचणे

पॅरानॉर्मल रोमान्स म्हणजे अशी प्रेमकथा जिच्यात दोघांपैकी एक तरी साधा माणूस नसतो, कुणी व्हॅम्पायर असतो, कुणी वेअरवुल्फ, कुणी दुसऱ्याच्या मनात शिरणारा, आणि शेवटी दोघं एकत्र येणार हे पहिल्या पानापासून माहीत असतं. यातल्या मोठ्या सिरीज वर्षानुवर्षं चालतात. क्रिस्टीन फीहान यांची 'डार्क' सिरीज १९९९ ला सुरू झाली आणि तीसच्या पुढे गेली, जे. आर. वॉर्ड यांची 'ब्लॅक डॅगर ब्रदरहूड' २००५ ची, नलिनी सिंग यांची 'साय-चेंजलिंग' २००६ ची.

साधारणपणे दर पुस्तकाला नवीन जोडी असते, तिची गोष्ट त्याच पुस्तकात पूर्ण होते, पण मागे चाललेलं युद्ध किंवा राजकारण मात्र संपत नाही, आणि आधीच्या जोड्या पुढच्या पुस्तकांत येत-जात राहतात, कुणाला बाळ झालेलं असतं, कुणी आता टोळीचा प्रमुख असतो. त्यामुळे वाचणाऱ्याला हॅपी एंडिंगनंतरचा संसारही बघायला मिळतो, जे सुट्या कादंबरीत शक्यच नाही.

पण खरी ओढ असते ती कोपऱ्यात उभ्या असलेल्या पात्राची. शेरिलिन केन्यन यांच्या 'डार्क-हंटर' मध्ये अ‍ॅशेरॉन हा सगळ्या डार्क-हंटरांचा, म्हणजे अमर योद्ध्यांचा, प्रमुख, अकरा हजार वर्षांचा, २००२ पासून दुसऱ्यांच्या गोष्टीत येतो, दोन वाक्यं बोलतो, मदत करतो आणि निघून जातो, स्वतःबद्दल चकार शब्द नाही. त्याचं स्वतःचं पुस्तक आलं २००८ ला, सातशेच्या वर पानं, आणि त्यातला मोठा भाग तो माणूस असतानाच्या छळाचा. हेच पुस्तक कुणी पहिलं म्हणून उचललं तर वाचून होईल, पण सहा वर्षं त्याला गप्प बघितलेल्या वाचकाचा गळा जिथे दाटून येतो तिथे नवा वाचक पान उलटून पुढे जाईल. म्हणूनच पुस्तकं प्रकाशनाच्या क्रमानेच वाचावीत, मधले नॉव्हेला, म्हणजे छोट्या कादंबऱ्या, पण सोडू नयेत, कारण पुष्कळदा त्यातच एखाद्या साइड कॅरेक्टरची पहिली ओळख होऊन जाते.

'सगळी पुस्तकं सारखीच असतात' ही तक्रार कायम ऐकू येते. खरंय की काही गोष्टी परत परत येतात. फीहान यांच्या कार्पेथियन, म्हणजे व्हॅम्पायरसारख्या दीर्घायुषी जमातीतल्या, पुरुषांना साधारण दोनशे वर्षांनंतर रंग दिसायचे बंद होतात आणि भावनाही जातात, मग जोडीदारीण भेटली, तिचा आवाज ऐकला की रंग परत येतात. हा प्रसंग पुस्तकामागून पुस्तक येतो आणि वाचक त्याचीच वाट बघत असतो, बंदिशीतल्या समेसारखी, यावेळी तो कुठे आणि कसा येतोय हे बघायचं असतं. मला तरी हा दोष वाटत नाही, तीच तर मजा आहे.

दोष दुसरीकडे आहे. पसारा वाढला की एका पुस्तकात चार-पाच धागे चालू राहतात आणि कव्हरवरच्या जोडीलाच जागा उरत नाही, शिवाय पात्रं आणि शब्द इतके होतात की सगळं लक्षात ठेवणं अवघड जातं. वॉर्ड यांच्या पुस्तकांत तर सुरुवातीलाच शब्दसूची असते, 'शेलन' म्हणजे जोडीदारीण, 'हेलरन' म्हणजे जोडीदार वगैरे, ती आधी वाचून टाकली की बरं पडतं. नवीन पुस्तक यायच्या आधी जुनी परत वाचायची, म्हणजे री-रीड करायचं, हे अनेकांचं ठरलेलं असतं, आणि री-रीडमध्येच पुढच्या जोडीची बीजं कुठे पेरली होती ते सापडतं.

काही लेखिका जुन्या जोडीकडे परतही जातात. वॉर्ड यांच्या पहिल्या पुस्तकातले रॅथ आणि बेथ २०१४ च्या 'द किंग' मध्ये पुन्हा मध्यभागी आले आणि लग्नानंतर मूल हवं-नको यावरून भांडले, हे मला फार आवडलं. नवीन वाचकाला दार उघडून द्यायचीही एक पद्धत आहे, सिंग यांनी २०१६ ला 'साय-चेंजलिंग'चा पहिला टप्पा थांबवून २०१७ पासून 'ट्रिनिटी' या नावाने पुढचा चालू केला. तिथून सुरुवात करता येते, पण वेळ असेल तर २००६ पासूनच धरा, कारण मधल्या काळात भावना दाबून जगणाऱ्या साय, म्हणजे मनाच्या शक्ती असलेल्या, लोकांची अख्खी व्यवस्था कशी कोसळते ते पुस्तकागणिक हळूहळू दिसतं, आणि ते सारांश वाचून कळत नाही.