रॉयल नेव्हल चिलखती मोटार विभाग : घरगुती कागदपत्रांवरून संशोधन

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाच्या हवाई शाखेने, म्हणजे रॉयल नेव्हल एअर सर्व्हिसने, उभारलेला जमिनीवर लढणारा मोटार विभाग. त्यातील नौसैनिकांच्या घरी राहिलेल्या पत्रे, रोजनिश्या, पदके, छायाचित्रे व दाखले यांवरून विभागाच्या हालचाली निश्चित करण्याची पद्धत या नोंदीत दिली आहे. सरकारी कागद नौदल, भूदल आणि हवाईदल अशा तीन ठिकाणी विखुरल्यामुळे या विभागाच्या बाबतीत घरच्या पेटीला एरवीपेक्षा जास्त महत्त्व आहे. मात्र त्या पेटीतील प्रत्येक तारीख, ठिकाण आणि तुकडीचा क्रमांक तपासूनच घ्यावा लागतो.

पूर्वपीठिका : ऑगस्ट १९१४ अखेर कमांडर चार्ल्स रम्नी सॅमसन यांचे विमानपथक फ्रान्समधील डंकर्कला उतरले. नाइलाजाने खाली उतरावे लागलेल्या वैमानिकांना सोडवणे आणि शत्रूची टेहळणी यांसाठी त्याने खासगी मोटारींवर मॅक्सिम मशीनगन बसवल्या व स्थानिक गोदीत बॉयलरचा पत्रा ठोकून घेतला. हा पत्रा जवळून आलेली गोळी अडवत नसे. त्यामुळे नौदल खात्याने रोल्स-रॉइसच्या ४०/५० अश्वशक्तीच्या सिल्व्हर घोस्ट चासीवर फिरत्या बुरुजाची, एका व्हिकर्स मशीनगनची गाडी तयार करवली. पहिल्या गाड्या डिसेंबर १९१४ मध्ये मिळाल्या. गाड्यांचा व माणसांचा तळ लंडनच्या वर्मवुड स्क्रब्ज मैदानावर होता.

१९१५ मध्ये स्क्वॉड्रने चहूकडे पांगली. क्र. १ जर्मन नैर्ऋत्य आफ्रिकेत (आजचे नामिबिया) गेले आणि २६ एप्रिलला ट्रेककोप्येस येथे लढले. क्र. ३ चे लोक २५ एप्रिलला तुर्कस्तानातील गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर ‘रिव्हर क्लाइड’ जहाजावरून मशीनगन चालवत होते. पश्चिम आघाडीवर खंदक खणले गेल्यावर मोटारींना धावायला जागाच उरली नाही. त्या वर्षीच्या उत्तरार्धात विभाग मोडला आणि बहुतेक गाड्या भूदलाच्या लाइट आर्मर्ड मोटर बॅटऱ्यांकडे (हलक्या चिलखती मोटारींच्या तुकड्या, संक्षेपाने ‘लॅम्ब’) गेल्या. मुख्य अपवाद खासदार ऑलिव्हर लॉकर-लॅम्पसन यांच्या तुकडीचा. ती नौदलातच राहिली आणि डिसेंबर १९१५ मध्ये रशियाला निघाली. कॉकेशस, रुमानियातील दोब्रुजा आणि १९१७ च्या उन्हाळ्यात पूर्व युरोपातील गॅलिशिया असा तिचा प्रवास झाला. या तुकडीत अल्स्टरचे (उत्तर आयर्लंडकडचे) लोक बरेच असल्याने तिचे कागद आजही बेलफास्ट परिसरातील घरांत सापडतात.

सेवाक्रमांक : पेटी उघडल्यावर आधी पदकाची कड पाहावी. १९१४-१५ च्या ताऱ्यावर नाव मागच्या बाजूस, तर ब्रिटिश वॉर मेडल व व्हिक्टरी मेडलवर कडेला कोरलेले असते. क्रमांकाआधी ‘एफ’ अक्षर असेल तर माणूस नौदलाच्या हवाई शाखेचा. त्याचे सेवापत्रक ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये एडीएम १८८ या मालिकेत (‘एडीएम’ म्हणजे नौदल खात्याचे कागद), अधिकाऱ्याचे एडीएम २७३ मध्ये आणि पदकांची यादी एडीएम १७१ मध्ये शोधावी. ‘पी. ओ. एम.’ म्हणजे पेटी ऑफिसर मेकॅनिक, नौदलातील सार्जंटसारखा हुद्दा. या विभागात साधा मोटारचालकही पुष्कळदा याच हुद्द्यावर भरती होई, म्हणून हुद्द्यावरून माणसाची समुद्रावरची नोकरी गृहीत धरू नये.

सर्वांत जास्त फसगत जहाजाच्या रकान्यात होते. तिथे ‘प्रेसिडेंट २’ किंवा ‘पेम्ब्रोक ३’ लिहिलेले असते आणि घरचे लोक ‘आजोबा प्रेसिडेंट जहाजावर होते’ असे सांगतात. ही केवळ पगार व हजेरीची खाती होती. माणूस प्रत्यक्षात कुठे होता, हे त्यावरून काहीच कळत नाही.

भूदलात गेलेल्याला नवा क्रमांक मिळाला. त्याचे पदकपत्रक डब्ल्यूओ ३७२ मध्ये (‘डब्ल्यूओ’ म्हणजे युद्ध खात्याचे कागद) बहुधा मिळते. सेवेची फाइल मात्र सप्टेंबर १९४० च्या बाँबहल्ल्यात जळालेली असण्याचीच शक्यता अधिक. वाचलेले, कडा करपलेले कागद डब्ल्यूओ ३६३ मध्ये आहेत. १ एप्रिल १९१८ रोजी हवाईदलात वर्ग झालेल्यांच्या ‘एफ’ क्रमांकात २,००,००० मिळवले की हवाईदलाचा क्रमांक निघतो : एफ ४३२१ चा २०४३२१. रशियातून परतलेले पुष्कळ जण मात्र १९१८ च्या आरंभी भूदलाच्या मशीनगन कोरमध्ये जाऊन डन्स्टरफोर्सबरोबर (जनरल डन्स्टरव्हिल यांचे ब्रिटिश दल) इराण व बाकूकडे गेले. त्यांच्या बाबतीत ही बेरीज लागू पडत नाही.

स्क्वॉड्रनचे क्रमांक : रशियात गेलेल्या दलाची अंतर्गत फेररचना होऊन पुन्हा १, २, ३ असे क्रमांक पडले. त्यामुळे १९१५ च्या पत्रातील ‘क्र. १’ म्हणजे आफ्रिकेतील तुकडी आणि १९१६ च्या पत्रातील ‘क्र. १’ म्हणजे रशियातील, अगदी वेगळी तुकडी. वर्ष न लिहिता क्रमांक टिपला तर दोघांचे इतिहास एकमेकांत मिसळतात, आणि एकदा छापून गेलेली ही चूक पुढे नक्कल होत राहते.

तारखा : रशियात फेब्रुवारी १९१८ पर्यंत ज्युलियन पंचांग चाले, ते १३ दिवस मागे होते. नौसैनिकाची रोजनिशी सहसा ब्रिटिश तारखेने असते, पण त्याच पेटीतील रशियन पदकाचा दाखला, प्रवासाचा पास किंवा वर्तमानपत्राचे कात्रण जुन्या तारखेने असते. केरेन्स्की आक्रमणाची (१९१७ च्या उन्हाळ्यातील रशियन हल्ल्याची) मुख्य चढाई रशियन कागदात १८ जून १९१७ ला आणि इंग्रजी कागदात १ जुलैला दिसते, दिवस एकच. रुमानियातही १९१९ पर्यंत जुनेच पंचांग होते. तारीख बदलून लिहू नये. मूळ तारीख जशीच्या तशी उतरवून शेजारच्या रकान्यात नवी लिहावी. शंका असेल तर वार पाहावा : १ जुलै १९१७ ला रविवार होता. पत्रात वार दिला असेल तर पंचांग कोणते ते एका मिनिटात ठरते.

ठिकाणे : सेन्सॉरमुळे पत्रांत गावाचे नाव बहुधा नसते, असले तरी ते जुने असते. तुकडी उतरली ते अलेक्झांद्रोव्हस्क म्हणजे मुर्मान्स्कजवळचे आजचे पोल्यार्नी. युक्रेनमधील झापोरिझ्झियाचेही तेव्हाचे नाव अलेक्झांद्रोव्हस्कच होते, त्यामुळे नकाशावर पहिले सापडेल ते गाव धरल्यास हजारो किलोमीटरची चूक होते. ब्झेझानी हे गॅलिशियातील गाव आज युक्रेनमध्ये बेरेझानी आहे.

छायाचित्रे : फोटोमागचा मजकूर अनेकदा कित्येक वर्षांनी, आठवणीवर लिहिलेला असतो. त्यापेक्षा गाडीचा भरवसा धरावा. रोल्स-रॉइसचे बॉनेट लांब व आडवे असते आणि मागे जोडचाके असतात. लँचेस्टर या दुसऱ्या ब्रिटिश बनावटीच्या गाडीचे इंजिन चालकाच्या जवळ मागे घेतल्यामुळे तिचा पुढचा भाग आखूड आणि उताराचा दिसतो. रशियातील मुख्य गाडी लँचेस्टर होती. तेव्हा ‘रशिया, १९१६’ लिहिलेल्या फोटोत लांब बॉनेटची गाडी दिसली तर लगेच खोटे ठरवू नये, पण दुसरा पुरावा मागावा. उघड्या लॉरीवर तोफ असेल तर ती सीब्रूक लॉरीवरची तीन-पाउंडर (तीन पौंडी गोळ्याची तोफ) असू शकते.

हाताळणी : कागद ज्या क्रमाने सापडले त्याच क्रमाने आधी पेन्सिलने क्रमांक टाकावेत, मग लावालावी करावी. पाकिटे पत्रांपासून वेगळी करू नयेत, टपालाचा शिक्का कधी कधी पत्रातील तारखेपेक्षा खरा असतो. गंजलेल्या टाचण्या काढाव्यात, सेलोटेप व लॅमिनेशन टाळावे. पत्रे ३०० ते ४०० व फोटो ६०० डीपीआयवर, दोन्ही बाजूंनी स्कॅन करावेत. चिकटवलेले फोटो उपटू नयेत, आधी अख्खे पान स्कॅन करावे. नायट्रेटची जुनी निगेटिव्ह चटकन पेट घेते, ती घरी गरम दिव्याखाली धरू नये. पदक घासून चकाकवू नये, कडेवरची अक्षरे झिजतात आणि मग क्रमांकच हातचा जातो.

भारतातील दुवा : मेसोपोटेमियात लॅम्ब तुकड्या भारतीय घोडदळाबरोबर लढल्या; त्यांच्या युद्धदैनंदिन्या डब्ल्यूओ ९५ मध्ये आहेत. सिल्व्हर घोस्ट चासीवरची चिलखती गाडी प्रत्यक्ष पाहायची असेल तर अहिल्यानगरच्या (पूर्वीचे अहमदनगर) कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये ती आहे. चिलखताची जाडी आणि आतली अडचण फोटोवरून कळत नाही, तिथे कळते.

प्रकाशनाचा हक्क : पत्र ज्याच्या कपाटात आहे त्याला ते छापण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. हक्क पत्रलेखकाच्या वारसांचा असतो. ब्रिटनमध्ये १९६९ पूर्वी वारलेल्यांचे अप्रकाशित लेखन साधारणपणे २०३९ अखेरपर्यंत संरक्षित आहे, म्हणून उतारे छापण्याआधी सर्व शाखांतील वारसांची लेखी संमती घ्यावी आणि ती स्कॅनसोबतच ठेवावी.