बीपी, अँटिऑक्सिडंट आणि कॅप्सूलचा भरवसा

बीपी निघालं की गोळीच्या जोडीला अँटिऑक्सिडंटची (ऑक्सिडेशनचं नुकसान रोखणाऱ्या पदार्थांची) कॅप्सूलही हवीच, असं बेळगाव-निपाणीकडे पुष्कळांना वाटतं. त्यामागचं निरीक्षण खरं आहे. उच्च रक्तदाब असलेल्यांच्या रक्तात एसओडी (सुपरऑक्साइड डिसम्युटेज), ग्लुटाथिओन ही शरीराची स्वतःची बचावाची रसायनं अनेक अभ्यासांत कमी भरली आहेत आणि चरबी ऑक्सिडाइज झाल्याची खूण असलेलं मॅलोनडायअल्डिहाइड जास्त.

रक्तवाहिनीचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं, त्यानं वाहिनी सैलावते. (हे उलगडणाऱ्या तिघांना १९९८ चं नोबेल मिळालं.) अँजिओटेन्सिन-२ हे वाहिन्या आवळणारं संप्रेरक वाढलं की वाहिनीच्या भिंतीत सुपरऑक्साइड, म्हणजे ऑक्सिजनचं एक अतिक्रियाशील रूप, तयार होऊ लागतं आणि ते नायट्रिक ऑक्साइडला गाठून संपवतं. हे इतकं झटपट होतं, की एसओडीलाही ते रोखणं जड जातं. क जीवनसत्त्व तर हजारो पटींनी संथ, म्हणून कॅप्सूल इथं कमी पडते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या हार्ट प्रोटेक्शन स्टडीत २०,५३६ जोखमीच्या रुग्णांपैकी निम्म्यांना रोज ई जीवनसत्त्व ६०० मिलिग्रॅम, क २५० आणि बीटा-कॅरोटीन २० मिलिग्रॅम दिलं होतं. पाच वर्षांनी हृदयविकार, पक्षाघात, कशातच फरक दिसला नाही.

तपासणीवर पैसे घालवण्यातही अर्थ नाही. मॅलोनडायअल्डिहाइडसाठी सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा पातळ भाग) थायोबार्बिट्युरिक आम्लासोबत साधारण ९५ अंशांवर तापवतात आणि येणारा गुलाबी रंग ५३२ नॅनोमीटरवर मोजतात. रक्त काढताना लाल पेशी फुटल्या किंवा नमुना बाहेर तसाच राहिला, तर आकडा फसवा येतो. शिवाय तो पाहून औषध ठरत नाही.

सुपरऑक्साइड बनणंच कमी करणं महत्त्वाचं. टेलमिसार्टन, लोसार्टन या बीपीच्या गोळ्या अँजिओटेन्सिनचीच वाट अडवतात, म्हणून बरं वाटलं तरी गोळी मनानं सोडू नये. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, आणि त्यात ठेचा, लोणचं, पापड सगळं आलं. मिसरी लावणाऱ्या बायकांना ‘मी कुठं बिडी ओढते?’ असं वाटतं. पण निकोटिन हिरडीतूनही रक्तात जातं आणि बीपी चढवतं. तंबाखूच्या वखारीत दिवस काढणाऱ्यांना हे आवर्जून सांगायला हवं.

उकडलेलं रताळं, पालेभाजी यांतलं पोटॅशियम बीपी उतरवायला मदत करतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारावं, कारण वरच्या गोळ्याही पोटॅशियम वाढवतात.

बीपी मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिसरी नको. पाच मिनिटं पाठ टेकून बसावं, हात छातीच्या पातळीला ठेवावा आणि मिनिटभराच्या अंतरानं दोनदा मोजून दोन्ही आकडे वहीत लिहावेत.