डावी किडनी ‘दिसत नाही’

पित्ताशयातल्या खड्यांसाठी सोनोग्राफी केली आणि अहवालात भलतीच ओळ आली: ‘डावे मूत्रपिंड दिसत नाही.’ साधारण हजारात एक जण एकाच किडनीनिशी जन्मतो. त्यातही बहुतेकदा डावीच नसते. पण ‘दिसत नाही’ म्हणजे ‘नाही’ असं लगेच धरायचं नसतं.

आधी मूत्राशय भरलेलं असताना ओटीपोट तपासावं. गर्भात किडनी खालीच तयार होते आणि मग वर सरकते. एखादी वाटेतच अडकते. शिवाय रिकाम्या जागी मोठं आतडं सरकून येतं. त्याची भिंत आणि आतला वायू-मळ सोनोग्राफीत चक्क किडनीसारखा दिसतो, म्हणजे उलटी फसगतही होते.

सीटी स्कॅन केला असेल तर किडनीच्या वर बसणारी ॲड्रिनल ग्रंथी पाहावी. ती वेगळ्या ऊतींपासून बनते, त्यामुळे किडनी नसली तरी ती बहुधा असते. एरवी तिचा आकार उलट्या ‘वाय’सारखा असतो. ती आडव्या रेघेसारखी पसरलेली असेल, तर किडनी त्या जागी कधी पोचलीच नव्हती. आकार नेहमीचा असेल, तर किडनी तिथे होती आणि नंतर आक्रसली, असा संशय घ्यावा.

मूळ बिघाड गर्भाच्या पाचव्या आठवड्याच्या सुमाराचा. गर्भातल्या वुल्फियन नावाच्या नलिकेतून फुटणारा कोंब किडनीच्या ऊतींपर्यंत गेला नाही, की किडनी बनत नाही. हीच नलिका मुलग्यांत शुक्रवाहिनी होते आणि मुलींत गर्भाशयाच्या घडणीला वाट दाखवते. म्हणून एकाच किडनीनिशी जन्मलेल्या साधारण एक तृतीयांश स्त्रियांत गर्भाशयाच्या रचनेतही दोष सापडतो. कधी गर्भाशय दुहेरी असतं आणि एका बाजूची वाट बंद असते. दुसऱ्या बाजूने पाळी नियमित येते, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. अडलेलं रक्त साचतं आणि दुखणं दर महिन्याला वाढत जातं. ‘पाळीत दुखायचंच’ म्हणून ते उडवून लावलं जातं, ही खरी चूक. एक किडनी असलेल्या मुलीची पाळी सुरू होण्याच्या सुमारास ओटीपोटाची सोनोग्राफी करून घ्यावी.

उरलेली किडनी बहुधा नेहमीच्या दहा-बारा सेंटिमीटरपेक्षा मोठी होते, आणि तेच चांगलं लक्षण. ती लहान असेल तर मूत्ररोगतज्ज्ञांना दाखवावं. वर्षातून एकदा रक्तदाब, लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) आणि रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ) तपासावं. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत. पोटाच्या कुठल्याही शस्त्रक्रियेआधी हा अहवाल सर्जनसमोर ठेवावा. ओटीपोटात बसलेली एकुलती एक किडनी गाठ समजून काढल्याचे प्रकार झालेले आहेत.