फरशीवरचा फर्श

नागपुरात वर्धा रोडवर नवा फ्लॅट घेतलेल्या मावसबहिणीने दिवाळीत विचारलं, "हॉलमध्ये केवढा टाकू आणि बेडरूममध्ये केवढा?" तिला पर्शियन गालिचे घ्यायचे होते, आणि हल्ली हा प्रश्न मापापासूनच सुरू होतो. गंमत म्हणजे ज्या शब्दांत आपण घर सजवतो ते निम्मे तिकडूनच आलेत. दिवाणखाना, पडदा, तक्क्या सगळे फारसी. आणि फरशी? मूळ अरबी ‘फर्श’ म्हणजे अंथरलेलं. तो शब्द फारसीत रुळला आणि आज तेहरानात कुणी ‘फर्श’ म्हणालं तर गालिचाच समजतात. आपण तो उचलून शहाबादी दगडाला चिकटवला. ‘ग़ाली’ म्हणजे मोठं अंथरूण, त्याला लघुत्वाचा ‘चे’ लागला की ‘ग़ालीचे’. म्हणजे आपण ज्याला ऐसपैस गालिचा म्हणतो तो शब्दाने छोटाच.

गाठी मारून विणलेला सर्वात जुना अखंड गालिचा १९४९ साली सैबेरियातल्या अल्ताई डोंगरात, पाझिरिकच्या थडग्यात बर्फाखाली सापडला. साधारण दोन मीटरचा चौकोन, वय सुमारे २४०० वर्षं. कुणी विणला यावर अजून वाद आहेत. इराणात ही कला दरबारी वैभवाला पोचली ती सोळाव्या शतकात सफवी शहांच्या काळात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधला अर्दबीलचा प्रचंड गालिचा त्याच वेळचा. त्यावर हिजरी ९४६, म्हणजे १५३९-४० हे साल विणलेलं आहे.

पण म्युझियमपेक्षा मला जुन्या इराणी घरातली साधी बैठकीची खोली जास्त बोलकी वाटते. खोली लांबट. टेबल-खुर्ची नाही, सामान भिंतीतल्या कोनाड्यांत. जमीन चार गालिच्यांत वाटलेली: मधोमध ‘मियान फर्श’, त्याच्या दोन्ही लांब बाजूंना अरुंद ‘कनारे’ आणि खोलीच्या माथ्याला आडवा ‘केल्लेगी’. कनारे म्हणजे आपला किनाराच. यजमान आणि मानाचे पाहुणे केल्लेगीवर बसत, बाकीचे कडेने. नागपूरच्या महाल भागातल्या एखाद्या जुन्या वाड्यातली लोड-तक्क्यांची बैठक ज्याने पाहिली आहे त्याला हे समजावून सांगायला नको. तेव्हा आज आपण पॅसेजमध्ये टाकतो ती लांब पट्टी म्हणजे मोडलेल्या संचातली एक बाजू आहे.

संच मोडला तो युरोपमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिकडून मागणी वाढली, पण तिकडच्या खोल्या रुंद, मधे टेबल, भोवती खुर्च्या. तिथे चार तुकडे काय कामाचे? मँचेस्टरच्या झिग्लर कंपनीने १८८३ मध्ये सुलतानाबादला, म्हणजे आजच्या अराकला, ठाण मांडलं आणि युरोपी दिवाणखान्याच्या मापाचे, मोठ्या नक्षीचे, फिक्या रंगांचे एकसंध गालिचे विणून घ्यायला सुरुवात केली. दुकानदार ‘नऊ बाय बारा’ म्हणतो, त्या सवयीचं मूळ अशा धंद्यात आहे.

भारतात विणकर आणले अकबराने. आग्रा, फत्तेपूर, लाहोर इथल्या कारखान्यांची नोंद ‘ऐन-ए-अकबरी’त आहे. दख्खनेत वरंगळला गालिचे होत, आणि १८५१ च्या लंडनच्या जंगी प्रदर्शनात ते मांडलेही गेले. इंग्रजांनी तर हे काम तुरुंगात नेलं. आग्रा, लाहोर, येरवडा इथे कैदी गालिचे विणत. जबलपूरला १८३७ च्या सुमारास ठगांसाठी उद्योगशाळा निघाली, तिथे तंबू आणि गालिचे होत. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, नागपूर राजधानी झाली आणि ते जबलपूर याच प्रांतात आलं. गळ्यात रुमाल आवळणाऱ्या हातांना लोकरीच्या गाठी मारायला लावणं, यात कुणा साहेबाला विनोद दिसला असेल का, कोण जाणे.

आता बाजारात ‘पर्शियन’ म्हणून मिळतो तो बहुधा भदोही-मिर्झापूरचा, काश्मीरचा, नाहीतर सरळ मशीनवरचा. हिवाळ्यात शालींचं बोचकं घेऊन येणाऱ्या काश्मिरी भाईने आमच्या गॅलरीत एकदा फरक दाखवला होता. कोपरा उलटवून म्हणाला, "भाभीजी, पीछे देखो." मागची नक्षी पुढच्याइतकीच स्पष्ट, गाठ न् गाठ मोजता येईल अशी. टोकाच्या दशा शिवलेल्या नव्हत्या, ते ताण्याचेच धागे होते. त्यांच्याकडे नक्षी सांकेतिक लिपीत कागदावर लिहिलेली असते आणि तिला ‘तालीम’ म्हणतात. आपल्याला मात्र तालीम म्हटलं की लाल माती आठवते.

बहिणीला मी दोन गोष्टी सांगितल्या. ज्याच्या एका टोकाला मेहराबीची कमान विणलेली आहे ते जानमाज, नमाजाचं आसन. ते बाथरूमच्या दारात पायपुसण्यासारखं टाकू नकोस. आणि नव्या गुळगुळीत टाइल्सवर गालिचा सरकतो, खाली पकडीची जाळी हवीच.

तिसरी गोष्ट तिला नागपूरनेच शिकवली. इराणातल्या जुन्या घरांत उन्हाळ्याच्या आणि हिवाळ्याच्या खोल्या वेगळ्या असत, ऋतू बदलला की माणसं या अंगातून त्या अंगात राहायला जात. आपल्याकडे खोली तीच राहते, गालिचा हलतो. एप्रिलमध्ये खिडकीला कूलर लागला, घरभर दमट वारं सुटलं आणि जूनपर्यंत सोफ्याखालच्या लोकरीला कसर लागली. यंदा होळी झाल्याबरोबर तिने गालिचा उन्हात झटकला, घडी न घालता गुंडाळला, जुन्या सुती लुगड्यात बांधला आणि दिवाणावर आडवा ठेवला. हॉलमध्ये आता उघडी फरशी आहे, आणि तिच्यावर मुलं उताणी पडलेली असतात.